आधी मागे, मग खाली : नऊवारीचे लो-अँगल फुल-लेंग्थ फोटो स्टुडिओत कसे काढायचे

पहिल्यांदा भाड्याच्या स्टुडिओत नऊवारीचं शूट केलं तेव्हा मी पस्तीसची लेन्स लावली, जमिनीवर पालथी पडले आणि मॉडेलच्या पायांपासून पाच-सहा फुटांवरून कॅमेरा वर करून फोटो काढत राहिले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. घरी लॅपटॉपवर फोटो उघडले तेव्हा कळलं. पावलं मोठी, डोकं लहान, चेहऱ्यात आधी नाकपुड्याच दिसतायत, आणि अंबाड्याच्या मागे कागद संपून छताची ट्यूबलाइट डोकावतेय. त्या मुलीला साडी नेसवायला तास गेला होता. पुढे तीन तास ती न कुरकुरता उभी होती. तिला देण्यासारखा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. हे मला अजून लागतं.

तुमच्याकडे कॅमेरा आहे, एक्सपोजर समजतं, पण स्टुडिओत फ्लॅश लावून डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो खालून कधी काढलेला नाही, असं धरून मी लिहितेय. उदाहरण नऊवारीचं घेतलंय, कारण माझं बरंचसं काम तेच आहे आणि लो-अँगल तिला फार शोभतो. शेरवानी, घेरदार लेहंगा, उंच बूट घातलेली मॉडेल, कशालाही हीच पद्धत चालते.

१. कॅमेरा खाली नेणं आणि कॅमेरा वर वळवणं, या दोन वेगळ्या गोष्टी

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

लो-अँगल म्हटलं की आपण दोन कामं एकदम करतो. कॅमेरा खाली नेतो आणि त्याचं तोंड वर करतो. या दोन्हींचा परिणाम वेगळा असतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर नेला पण अगदी सरळ, लेव्हलमध्ये ठेवला, तर शरीराची प्रमाणं जशीच्या तशी राहतात. फक्त क्षितिजरेषा गुडघ्याशी उतरते, आणि समोरचा माणूस आपल्याहून उंच, भारदस्त वाटतो. तोंड वर केलं की मात्र पाय जवळ आणि डोकं लांब असा फरक फोटोत उतरतो. थोडा फरक हवाच असतो, त्यानेच पाय लांबसडक दिसतात. तो किती पडणार हे लेन्सवर ठरत नाही, तुम्ही किती अंतरावर आहात यावर ठरतं.

ढोबळ हिशेब सांगते. मॉडेल साडेपाच फुटांची, कॅमेरा जमिनीपासून १ फुटावर, रोख कमरेवर. ६ फुटांवरून काढलं तर पावलांच्या मानाने डोकं जवळजवळ चौथ्या भागाने लहान दिसतं. तेच १२ फुटांवरून काढलं तर फरक सात-आठ टक्क्यांवर येतो. सात-आठ टक्के डोळ्याला ‘उंच’ वाटतात, पंचवीस टक्के ‘बिघडलेलं’ वाटतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मागे जा, मग खाली जा, आणि सगळ्यात शेवटी, लागलंच तर, कॅमेरा थोडा वर करा. मी हे तिन्ही उलट्या क्रमाने केलं होतं.

कोणत्या लेन्सला किती मागे जावं लागेल हे घरी बसून काढता येतं. फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरला असेल तर अंतराला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागा. जेवढे फूट येतील तेवढी उंची फ्रेममध्ये मावते.

५० मिमी, १२ फुटांवरून: साधारण साडेआठ फूट.
८५ मिमी, २० फुटांवरून: तेवढंच.
३५ मिमी, १२ फुटांवरून: बारा फुटांच्या वर, म्हणजे आजूबाजूचे स्टँड आणि छतही.

क्रॉप सेन्सर असेल तर ३६ च्या जागी २३.५ घ्या, कॅननचा असेल तर २२.३. अशा कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स जवळपास पन्नाससारखी वागते. नवीन माणसाने फुल-फ्रेमवर ५० आणि क्रॉपवर ३५ एवढंच घेऊन जावं. झूम असेल तर या आकड्यावर आणून चिकटपट्टी लावून टाका. झूम फिरवायची सोय असली की पाय हलत नाहीत.

२. स्टुडिओ बघायला जाताना मोजपट्टी घेऊन जा

स्टुडिओचे फोटो बघून बुकिंग करू नका. ते वाइड लेन्सने काढलेले असतात, खोली आहे त्याहून मोठी दिसते. प्रत्यक्ष जा आणि आधी दोन मापं घ्या.

पहिलं माप लांबीचं. भिंतीपासून मॉडेल ४ ते ६ फूट पुढे, तिच्यापासून कॅमेरा १२ ते १४ फूट, आणि त्यामागे तुमचं शरीर. पालथं पडून काढणार असाल तर स्वतःची उंचीही धरा. सगळं मिळून २२ फुटांच्या आत भागत नाही. बसून काढणार असाल तर १८-१९ फुटांत जमतं.

दुसरं माप छताचं, आणि बहुतेकांची फसगत इथे होते. कॅमेरा खालून वर बघतो तेव्हा मॉडेलच्या डोक्यावरून जाणारी रेघ मागे जाईपर्यंत बरीच वर चढलेली असते. कॅमेरा १ फुटावर, मॉडेल १२ फुटांवर, फ्रेमची वरची कड मॉडेलच्या जागी साडेसहा फुटांवर आणि बॅकग्राउंड तिच्या ४ फूट मागे, असं धरलं तर कागद किमान ८ फूट ४ इंच उंच लागतो. तुम्ही ७ फुटांवर सरकलात तर तोच कागद साडेनऊ फुटांच्या वर लागतो. फ्लॅटमध्ये किंवा गाळ्यात थाटलेल्या स्टुडिओत छत नऊ-साडेनऊ फुटांवर असतं आणि कागदाचा दांडा त्याच्याही खाली. माझ्या फोटोत ट्यूबलाइट आली ती यामुळे.

बॅकग्राउंड पेपरचा मोठा रोल साधारण ९ फूट रुंद असतो (२.७२ मीटर) आणि लहान ४.५ फूट. फुल-लेंग्थला लहान रोल घेऊ नका. इन्फिनिटी वॉल (भिंत आणि जमीन यांचा कोपरा गोलवून केलेली सलग भिंत) असेल तर उत्तमच, फक्त ती अलीकडे रंगवलीय का ते विचारा. लो-अँगलला जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा कॅमेऱ्यासमोर येतो.

विचारून घ्यायच्या बाकीच्या गोष्टी:

भाडं तासावर आहे की शिफ्टवर, आणि शिफ्टमध्ये तयारीचा वेळ धरतात का. नऊवारी, केस आणि मेकअप यात दोन तास सहज जातात.
ओव्हरटाइम कसा लावतात.
कागद खराब झाला तर पैसे फुटावर घेतात का.
फ्लॅश किती, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारं यंत्र) कोणाचा, तो तुमच्या कॅमेऱ्याला चालतो का.
कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि स्वच्छ बाथरूम आहे का.
लाइट दादा, म्हणजे स्टुडिओतले दिवे लावून देणारे, भाड्यात आहेत की वेगळे. असतील तर जरूर घ्या. त्यांना त्या खोलीतली प्रत्येक भिंत कशी वागते हे माहीत असतं. मला प्रकाशाबद्दल जे येतं त्यातलं निम्मं मी एका लाइट दादांकडून चहा पिता पिता शिकले.

ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

३. आधी बोलणं, मग कॅमेरा

लो-अँगल फोटोत समोरच्या माणसाला काय दिसतंय हे अजिबात कळत नाही. कॅमेरा तिच्या नजरेखाली असतो, कधी पावलांपाशी. कपडा आखूड असेल, घेर मोठा असेल, काष्टा घट्ट असेल तर ती मनातून अवघडते आणि ते खांद्यात दिसतं. म्हणून शूटच्या आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की काही फोटो गुडघ्याखालून काढणार आहे, आणि नमुन्यादाखल दोन-तीन फोटो दाखवा. आत सायकलिंग शॉर्ट्स किंवा स्लॅक्स घालायला सांगा, साडीच्या रंगाच्या जवळ जाणाऱ्या. सेटवर कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉप मॉडेलला दिसेल असा ठेवा. तिने ‘हा काढून टाका’ म्हटलं तर तिच्यासमोर काढून टाका. तिला कोणाला सोबत आणायचं असेल, बहीण, मैत्रीण, आई, तर त्यांच्यासाठी खुर्ची ठेवा.

संमतीपत्रही त्याच दिवशी पाठवा. फोटो कुठे वापरणार, किती काळ, मानधन किती आणि कधी, फोटोत किती बदल करणार, एवढं सोप्या मराठीत एका पानावर मावतं. वय अठराच्या खाली असेल तर पालकांची सही आणि शूटभर पालकांची हजेरी, दोन्ही हवंच.

४. सामानाची यादी

कॅमेरा, ठरवलेली एकच लेन्स, लेन्सहूड, दोन बॅटऱ्या, दोन कार्डं
लॅपटॉप आणि जोडणीची लांब केबल
मोजपट्टी आणि रंगीत कापडी चिकटपट्टी
पाय पूर्ण पसरून जमिनीलगत जाणारा ट्रायपॉड. तो नसेल तर तांदळाची पाच किलोची पिशवी, कॅमेरा तिच्यावर घट्ट बसतो
योगा मॅट, आणि गुडघ्यांना पॅड
पांढऱ्या थर्माकोलच्या चार मोठ्या शीट, त्यातल्या दोन एका बाजूने काळ्या कागदाने मढवलेल्या
ग्रे कार्ड (फोटोतले रंग जुळवायला धरायचं करडं कार्ड)
स्टीमर, सेफ्टी पिना, कपड्यांचे चिमटे, सुई-दोरा
ओलं फडकं, मऊ झाडू, लिंट रोलर
कॅमेऱ्यामागे टेकायला उशी. मान वर करून चार तास काढल्यावर तिची किंमत कळते

स्टुडिओत थर्माकोल असतोच, पण तो बहुधा कोपरे तुटलेला आणि पिवळा पडलेला. पिवळ्या थर्माकोलवरून आलेला प्रकाश पांढऱ्या काठाला पिवळं करतो.

५. साडी खालून बघा

नेसवणाऱ्या ताई समोरून, उभ्या राहून बघतात. तुमचा कॅमेरा खाली असणार. म्हणून साडी नेसून झाली की तुम्ही स्वतः जमिनीवर बसा आणि त्या उंचीवरून बघा. ज्या चुका समोरून दिसत नाहीत त्या तिथे लगेच दिसतात.

सहावारी आणि नऊवारी खालून फार वेगळ्या दिसतात. सहावारीच्या निऱ्या जमिनीपर्यंत येतात, त्यामुळे खालून ती एखाद्या त्रिकोणासारखी दिसते, पाया रुंद आणि वर निमुळती. पायाची ठेवण दिसत नाही, सगळं निऱ्यांच्या सरळपणावर अवलंबून राहतं. नऊवारीत काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात. पोटऱ्यांवरून जाणारा काठ, घोटा, पैंजण, जोडवी सगळं कॅमेऱ्याच्या जवळ येतं. म्हणूनच लो-अँगलला नऊवारी खुलते, आणि म्हणूनच तिथली छोटी चूकही मोठी होते.

तपासायचं काय: दोन्ही पायांवरचा काठ एकाच उंचीवर आहे का. आतल्या स्लॅक्सची कड दिसते का. काष्टा मागून सैल होऊन लोंबतोय का. चपला असतील तर तळव्याला दुकानाचं लेबल चिकटलंय का. टाचा भेगाळलेल्या असतील तर थोडं तेल लावून पुसून घ्या. पायाच्या बोटांना आलता किंवा नेलपेंट असेल तर कडा नीट आहेत का. पैठणी असेल तर पदराची मागची बाजू दिसली तरी काळजी नाही. हातमागावरच्या पैठणीची वीण दोन्ही बाजूंनी सारखीच असते, उलटी बाजू अशी नसतेच. मशीनवर विणलेल्या साडीला मागे सुटे धागे असतात आणि खालून ते दिसतात. तिथे पदर पिनेने आतून बंद करा.

६. जमिनीवर खुणा करा

मॉडेल मेकअपला बसलीय तोवर हे उरका. बॅकग्राउंडपासून ५ फूट मोजून चिकटपट्टीची फुली मारा, ती तिची जागा. तिथून १२ फुटांवर एक आडवी पट्टी. ती तुमची लक्ष्मणरेषा, शूटचा पहिला तास तिच्या पुढे यायचं नाही.

मग सोबतीला आलेल्या कोणालाही फुलीवर उभं करा आणि पट्टीवरून चार फोटो काढा: डोळ्यांच्या उंचीवरून, कमरेच्या, गुडघ्याच्या आणि जमिनीपासून १ फुटावरून. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू ठेवा. हे चार फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. कोणत्या उंचीला जमीन किती दिसते, छत कुठे सुरू होतं, कागदाच्या कडा येतात का, सगळं पाच मिनिटांत कळतं.

५० मिमीने १२ फुटांवरून कॅमेरा अडीच फुटांवर, म्हणजे मांडीच्या उंचीवर, पूर्ण लेव्हलमध्ये ठेवला तर फ्रेमची वरची कड पावणेसात फुटांच्या आसपास जाते. कॅमेरा अजिबात वर न करता अख्खी मॉडेल मावते. खाली जमिनीचा मोठा तुकडा येतो, तो नंतर कापायचा. गुडघ्याच्या उंचीला उतरायचं असेल तर दोन फूट मागे सरका, तरीही लेव्हल राहते. हे फोटो फार देखणे येतात, आणि कसे काढले ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. जुन्या काळी रोलीफ्लेक्ससारखे कॅमेरे पोटाशी धरून, वरून काचेत बघून फोटो काढायचे. त्या काळातल्या फुल-लेंग्थ फोटोंना जो सहज रुबाब आहे त्यात या उंचीचा वाटा आहे.

अगदी जमिनीला कॅमेरा टेकवू नका. तसं केलं की जमीन एका रेषेएवढी उरते आणि मॉडेल कशावर उभी आहे तेच कळत नाही. १ फूट हा माझा तळ.

७. प्रकाश

शूटच्या प्रकाशासाठी सेटिंग साधी ठेवा: मॅन्युअल मोड, आयएसओ १००, १/१६० सेकंद, एफ/८, व्हाइट बॅलन्स ५५००. एफ/८ ला १२ फुटांवरून ५० मिमीने पुढच्या पावलापासून पदरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद करा. फ्लॅशऐवजी एलईडी वापरत असाल तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवा. स्वस्त एलईडीचे पट्टे फोटोत येऊ नयेत म्हणून १/५० किंवा १/१०० वर राहा.

आता मुख्य दिवा. चेहऱ्याच्या पोर्ट्रेटची सवय असेल तर तुम्ही सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी, दिव्यावर लावायची कापडी पेटी) मॉडेलच्या अगदी जवळ आणाल. फुल-लेंग्थला ते चालत नाही. दिवा ७ फूट उंच आणि मॉडेलपासून ४ फुटांवर असेल तर पायांवर चेहऱ्यापेक्षा पावणेदोन स्टॉप कमी प्रकाश पडतो. काठ काळाठिक्कर. तोच दिवा ८ फुटांवर नेला की फरक पाऊण स्टॉपवर येतो, आणि तेवढा हवासाच वाटतो, कारण नजर चेहऱ्यावर राहते. म्हणजे इथेही तेच: मागे जा. प्रकाश कडक वाटला तर सॉफ्टबॉक्स मोठा घ्या, १५० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स, म्हणजे अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, मिळाला तर सोन्याहून पिवळं.

लो-अँगलचा एक फायदा असा की तुम्ही खाली असता. दिवा थेट कॅमेऱ्याच्या वर, तुमच्या डोक्यावरून लावता येतो. तुमची सावली कुठेच पडत नाही. मी आता बहुतेक वेळा हाच दिवा लावते. चेहरा उजळ, सावल्या सरळ मागे जातात. स्टँडवर वाळूची पिशवी न विसरता ठेवा, कारण खाली तुम्ही पडलेल्या असता.

खालून बघताना हनुवटीच्या खालचा भाग उघड दिसतो आणि तिथे वरचा दिवा पोहोचत नाही. मॉडेलसमोर जमिनीवर थर्माकोल आडवा टाका असं सगळीकडे सांगतात, पण लो-अँगलला तो फ्रेममध्येच येतो. दोन शीट घ्या, फ्रेमच्या जरा बाहेर डावी-उजवीकडे, तिच्यापासून तीन-चार फुटांवर, वरची कड मागे झुकवून तिरप्या उभ्या करा. गळ्याखालची सावली निवळते.

जरीसाठी वेगळा विचार करावा लागतो. हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जरतार आरशासारखी वागते. तिच्यावर किती प्रकाश पडतोय याने तितका फरक पडत नाही. कॅमेऱ्याच्या जागेवरून बघितलं तर तिच्यात कशाचं प्रतिबिंब पडतंय यावर सगळं ठरतं. कॅमेरा १ फुटावर आहे असं धरा. छातीवरच्या पदरात कॅमेऱ्याच्या वरचा भाग दिसतो, तिथे तुमचा सॉफ्टबॉक्स आहे, म्हणून पदर झळाळतो. पायाजवळच्या काठात मात्र समोरची अंधारी जमीन दिसते, म्हणून तिथली जरतार तपकिरी, मेलेली येते. लोक अशा वेळी फ्लॅश वाढवत बसतात. त्याने पदर पांढरा होतो आणि काठ आहे तसाच राहतो. उपाय साधा आहे: पट्टीच्या जरा पुढे, लेन्सच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर पांढरा थर्माकोल पसरा, आणि शक्य असेल तर एक छोटा फ्लॅश अगदी कमी ताकदीवर त्याच्याकडे वळवा. काठ एकदम सोन्यासारखा उजळतो. थर्माकोल कॅमेऱ्याच्या रेषेतच असल्याने फ्रेममध्ये येत नाही.

पैठणीत ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या असेल तर धूपछाव दिसते, कोन बदलला की रंग बदलतो. खालून तो वेगळा दिसू शकतो. ज्यांची साडी आहे त्यांना तो फोटो आधी दाखवा, आणि ग्रे कार्ड धरून एक फोटो प्रत्येक साडीला काढा. ‘माझी साडी अशी नाहीये’ हे वाक्य शूटनंतर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेलं बरं.

बॅकग्राउंड सुरुवातीला करडं घ्या. पांढरं शुभ्र करायचं तर मागे वेगळे दोन दिवे लागतात, ते जास्त झाले की मॉडेलच्या कडा खातात, आणि कॅमेरा वर वळलेला असल्याने लेन्समध्ये धुरकटपणा येतो. मागून केसांवर दिवा लावणार असाल तर त्याच्यासमोर काळी शीट उभी करा. लेन्सहूड काढू नका.

८. उभं कसं राहायचं, हे तुम्ही सांगायचं

मॉडेल नवी असेल तर ‘नॅचरल रहा’ म्हणू नका. त्याने कोणाचंच भलं होत नाही. एकेक गोष्ट सांगा.

वजन मागच्या पायावर. पुढचा पाय मोकळा, पाऊल कॅमेऱ्याकडे सरळ नको, तीस-चाळीस अंश वळवलेलं. सरळ पाऊल खालून खुरासारखं आखूड दिसतं. कंबर किंचित मागे, आणि कमरेपासून वरचं अंग कॅमेऱ्याकडे अगदी थोडं झुकलेलं, वीतभर. उभ्या माणसाला ते विचित्र वाटतं. फोटोत मात्र दिसत नाही, आणि लांब गेलेलं डोकं परत जवळ येतं. हनुवटी पुढे आणि थोडी खाली. ‘खाली बघ’ म्हणू नका, नजर पडते. ‘कपाळ माझ्याकडे आण’ म्हणा, बरोबर जमतं.

हात शरीरापासून थोडे सुटे. कमरेवरचा हात पुढे आला तर तो चेहऱ्याएवढा दिसतो, मागे सरकवा. नथ असेल तर ती ओठांवर येते का ते प्रत्येक पोझला बघा.

नजर लेन्समध्ये असेल तर खालून तो दरारा वाटतो, लेन्सच्या वर पलीकडे असेल तर भाव मोकळा होतो. दोन्ही काढा. माझा कल दुसरीकडे आहे, कारण साडीच्या फोटोत मला समोरची बाई कोणाला दटावतेय असं नको असतं.

चालतानाचे फोटो शेवटी घ्या. फुलीच्या दोन पावलं मागून सुरू करून फुलीवर पाऊल पडायच्या क्षणी क्लिक. गणपतराव म्हात्रे यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना घडवलेलं ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प बघून ठेवा. देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. चालत्या पायांवर वस्त्र कसं बसतं हे त्यात जेवढं दिसतं तेवढं फॅशनच्या कित्येक फोटोंत दिसत नाही. मी त्याचा फोटो मॉडेलला दाखवते आणि मग काही सांगावं लागत नाही.

दर वीस मिनिटांनी थांबा. पाणी, खुर्ची, काष्टा सैल झाला असेल तर घट्ट. आणि फरशी पुसा. पावलांचे ठसे जमिनीवर उमटत जातात, ते नंतर संगणकावर पुसायला प्रत्येक फोटोमागे दहा मिनिटं जातात. ओलं फडकं दोन मिनिटांत तेच करतं. कागद असेल तर फक्त कोरडा झाडू.

९. फ्रेममध्ये जागा सोडा

पावलांच्या खाली आणि डोक्याच्या वर जागा ठेवा. कॅमेऱ्याची उभी फ्रेम २:३ असते, इन्स्टाग्रामवर ४:५ करायची तर उंचीचा सहावा भाग कापला जातो. फ्रेम डोक्यापासून पायापर्यंत घट्ट भरली असेल तर तिथे जोडवी तरी जातात नाहीतर गजरा तरी. बुटीकवाल्यांना बहुतेक वेळा हाच आकार लागतो.

पहिल्या तासाचे लेव्हल फोटो हातात आले की मग पट्टी ओलांडा. १० फुटांवर या, १ फुटावर उतरा, कॅमेरा थोडा वर करा, एखादा फोटो जरा नाट्यमय घ्या. ३५ ची लेन्स लावून बघायची तीही आताच. काम सुरक्षित झालेलं असतं, त्यामुळे हात मोकळा चालतो.

१०. घरी आल्यावर

कार्ड रिकामं करण्याआधी दोन ठिकाणी प्रत घ्या. मग लाइटरूममध्ये ट्रान्सफॉर्ममधला व्हर्टिकल स्लायडर. थोडा तिरपेपणा त्याने निघतो, पण जास्त ओढलात तर डोकं आणि खांदे ताणले जातात. दहाच्या पुढे जावं लागत असेल तर तो फोटो सोडा आणि लेव्हलमधला घ्या. पाय लांब करायची, कंबर बारीक करायची हत्यारं फोटोशॉपमध्ये आहेत. मी ती वापरत नाही. काठाची नक्षी लगेच वाकडी होते, विणकराने एकेक धागा मोजून घातलेला असतो. आणि त्या मुलीने तिच्या शरीराचा फोटो द्यायचं कबूल केलेलं असतं, दुसऱ्या कुठल्या शरीराचा नव्हे.

निवडलेले आठ-दहा फोटो मॉडेलला आणि साडी नेसवणाऱ्या ताईंना, कबूल केलेल्या दिवशी, पूर्ण आकारात पाठवा. मानधन त्याच्या आधी.